खंडेनवमीला काढलेलं तेल

अंबादास ड्रायव्हर मूळचा कोडोलीचा. सतराव्या वर्षी तो मलकापूरच्या सर्व्हिस मोटारीवर क्लीनर म्हणून चढला आणि बाविसाव्या वर्षी कोल्हापुरात तात्या वकिलांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसला. पुढची अठरा वर्षं त्या सीटवर दुसरं कुणी बसलं नाही. तात्यांची गाडी विलायती, काळी, चौकोनी. तिचा गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. दोन दाबांच्या मधला वेळ जरा चुकला की गिअरचे दात एकमेकांवर घासून असा आवाज येई की रस्त्यावरची माणसं वळून बघत. अंबादासच्या हातून तो आवाज कधी आला नाही. मागं बसलेल्या पक्षकाराला गिअर कधी बदलला ते कळतही नसे.

दुसऱ्या ड्रायव्हरचं कौतुक मात्र त्याला सोसत नसे, आणि ही गोष्ट त्यानं कधी लपवलीही नाही. एकदा स्टँडवर कुणीतरी सांगितलं की गुंडू ड्रायव्हरनं मोडक्या स्प्रिंगवर आजऱ्यापासून भरलेली गाडी आणली. सगळे वाहवा करू लागले. अंबादासनं अर्धा कप चहा तसाच ठेवला.

"स्प्रिंग मोडलीच कशी ते सांगा की आधी," तो म्हणाला. "खड्ड्यात घातली असंल तवा मोडली न्हवं? आन् वर आणली म्हणून हार घाला."

तर अशा माणसाच्या आयुष्यात एकोणीसशे बावन्नच्या उन्हाळ्यात ती अमेरिकन गाडी आली.

संस्थान विलीन झाल्यावर बऱ्याच जुन्या मंडळींनी आपल्या गाड्या विकायला सुरुवात केली होती. त्यातली एक तात्यांनी घेतली, ती स्वतःसाठी नव्हे. त्यांची मुलगी विमला मुंबईहून डॉक्टर होऊन आली होती. मंगळवार पेठेत तिचा दवाखाना होता आणि खेड्यापाड्यांतून बाळंतपणाची बोलावणी येत. जुनी गाडी आता वाटेत दोनदा तापायची. नवी गाडी लांबलचक, हिरवी, आणि तिच्या पायाशी दोनच पेडल.

अंबादासनं दार उघडून वाकून पाहिलं, मग गाडी घेऊन आलेल्या माणसाला विचारलं, "पावणं, तिसरं पेडल कुठं हाय?"

"न्हाईच. हिला क्लच नसतो. गिअर आपोआप पडतात."

"आपोआप," अंबादास म्हणाला.

हे आपोआप कसं होतं ते इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नेहमीच्या गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच असतो. गिअर बदलताना तो दाबून इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध क्षणभर तोडायचा असतो. या गाडीत ते काम तेलावर सोपवलेलं होतं. एका बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर. इंजिन पहिला फिरवतं, त्यानं तेल उसळतं, आणि उसळलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. पुढचे गिअरही तेलाच्या दाबानंच बदलतात. म्हणजे इथं तेल हे नुसतं वंगण नव्हे, चाकांपर्यंत जोर पोचवणारं तेच. ते कमी पडलं की इंजिन ओरडत राहतं आणि गाडी जागची हलत नाही.

पहिल्या दिवशी तात्या शेजारी बसले आणि अंबादासनं गाडी बाहेर काढली. दसरा चौकाजवळ एक टांगा आडवा आला. अठरा वर्षांच्या सवयीनं त्याचा डावा पाय क्लचवर पडायला गेला. तिथं क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. क्लच दाबतात तसा त्यानं तो तळापर्यंत दाबला. गाडी जागच्या जागी खिळली, तात्यांचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं आणि टोपी पायाशी पडली. रसाच्या दुकानासमोर उभी असलेली माणसं हसली. त्यांत गुंडू होता.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी त्यानं टेंबलाईच्या उतारावर पेट्रोल वाचवायला दांडी एनवर, म्हणजे न्यूट्रलला, टाकून गाडी मोकळी सोडली. हे त्याचं जुनं कसब. महायुद्धात पेट्रोल रेशनवर होतं, तेव्हा तात्यांनी याच गोष्टीसाठी त्याची पाठ थोपटली होती. मागं बसलेल्या विमलाताई हातातलं पुस्तक बघत म्हणाल्या, "अंबादास, उतारावर एन नको. एनमध्ये इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. मोठा उतार असेल तर दांडी लोवर, खालच्या गिअरवर, घ्यायची. तसं लिहिलंय."

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक होतं ते. अंबादासला मराठी अक्षरं जुळवता येत, इंग्रजी नाही. त्यानं दांडी हलवली, पण कान लाल झाले.

मग विमलाताईंनी स्वतःच शिकायला घेतलं. त्यांनी आजवर कुठलीच गाडी चालवली नव्हती. ख्वाजाभाई मिस्त्री शेजारी बसले, मांडीवर पुस्तक, आणि नऊ दिवसांत ताई गाडी चालवायला लागल्या. त्यांच्या डाव्या पायाला कसलीच सवय नव्हती. तो सीटजवळ दुमडलेला राही आणि उजवाच पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाई. गाडी उभी करताना त्या हँडब्रेक ओढत, इंजिन बंद करत, मग दांडी आरवर, म्हणजे रिव्हर्सला, टाकत. त्या गाडीत चाकं जागेवर अडकवण्याची तीच रीत होती. उतारावर असल्या तर पुढचं चाक फुटपाथकडं वळवून ठेवत. दर वेळी, न चुकता, त्याच क्रमानं.

अंबादासला त्यांची ही रीत सर्वांत जास्त झोंबायची. ताई चुकल्या असत्या तर त्यानं मोठ्या मनानं समजावलं असतं.

मंगळवार पेठेत बायका उंबऱ्यावर येऊन बघत. ताई गेल्या की पोरी स्टिअरिंग धरल्यासारखे हात करून बोळातून पळत. अंबादास ताईंच्या डाव्या बाजूला बॅग मांडीवर घेऊन बसलेला असे.

घरी झुंबरबाईनं, त्याच्या बायकोनं, एके दिवशी भाकरी थापता थापता विषय काढलाच. "नऊ दिसात शिकल्या म्हणं डाक्टरीणबाई."

"त्या गाडी चालवत न्हाईत. गाडीच त्यांना फिरवून आणतीया."

"मग तुमास्नी का न्हाई फिरवून आणत?"

त्यानं ताट सरकवलं. झुंबरबाईनं ते परत पुढं सरकवलं. "जेवा. पोटावर कशापायी राग?"

तात्यांनी त्याला बोलावून सरळच सांगितलं होतं. "अंबादास, जुनी गाडी मी दिवाळीला विकणार. नवी तुला आली तर तू ड्रायव्हर. नाही आली तर दवाखान्यात नंबर लावायला बस, पगार तोच देईन." पगाराचा प्रश्नच नव्हता. ड्रायव्हर म्हणून ओळखला जाणारा माणूस उद्या दवाखान्याच्या दारात बसून "पुढचा कोण" म्हणणार होता.

भाद्रपदात ख्वाजाभाई आणि ताईंनी गिअरचं तेल तपासलं. गाडी थोडी फिरवून गरम केली, सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, दांडी एनवर, इंजिन चालू. पुढच्या सीटसमोरचा पायाखालचा गालिचा उचलून झाकण उघडलं आणि तेल मोजायची पट्टी काढून बघितली. थोडं कमी होतं, ते भरलं. ख्वाजाभाईंनी अंबादासला हाक मारली होती, "ये की रे, बघ तरी." अंबादास समोरच्या पानपट्टीवर त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिला. मिस्त्रीनं बाईला शिकवावं आणि ते आपण वाकून बघावं, हे त्याला जमण्यासारखं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, गाड्यांची पूजा. पूजेला बसवलेलं हत्यार दिवसभर चालवायचं नाही. सुतार रंध्याला हात लावत नाही, गॅरेजात पाने तबकात मांडून ठेवतात. तात्यांच्या घरी गाडीच्या पूजेचा मान अठरा वर्षं अंबादासचा होता. तो उजाडताच आला. जुनी गाडी धुतली. मग नवी धुतली, आणि धुता धुता त्यानं पायाखालचा गालिचा उचलला.

इंजिन बंद, रात्रभर उभं, थंडगार. जुन्या गाडीचं तेल तो अठरा वर्षं असंच बघत आला होता. त्यानं पट्टी काढली. तेल खुणेच्या चार बोटं वर होतं.

त्याला झालेला आनंद त्यानं पुष्कळ वर्षांनी मला सांगितला तेव्हा तो स्वतःच मान हलवत होता. "वाटलं, सापडल्या. पुस्तक वाचून वाचून डबाभर तेल वतलंय बाईनं. इतकी वर्सं झाली, कुणाच्या चुकीनं इतकं बरं वाटलं न्हवतं."

त्यानं हातपंपानं खुणेवरचं सगळं तेल काढलं. दवाखान्यातल्या धुतलेल्या दोन मोठ्या बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं द्यायला चार प्रतिष्ठित माणसं तात्यांकडं येणार, तेव्हा त्यांच्यादेखत बाटल्या पुढं ठेवायच्या आणि म्हणायचं, ताई, एवढं जास्त झालतं बरं का. तोपर्यंत बोलायचं नाही. गाडी आज पूजेला बसलेली, ती काही हलणार नव्हती. त्यानं दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, टपावर नारळ ठेवले, उदबत्ती ओवाळली आणि बाटल्या पिशवीत घालून ख्वाजाभाईंच्या गॅरेजात गेला. दसऱ्यापर्यंत गप्प बसणं त्याच्यानं झालं नाही.

गॅरेजातही काम बंद. ख्वाजाभाई खाटेवर बसून चहा पीत होते. अंबादासनं बाटल्या समोर ठेवल्या.

"काय रे हे?"

"तुमच्या शिष्येणीनं जास्त वतलेलं तेल."

ख्वाजाभाईंनी बाटली उजेडाला धरली. "कवा काढलंस?"

"सकाळी. खुणेच्या चार बोटं वर हुतं."

"इंजिन चालू हुतं?"

"पूजेच्या गाडीचं इंजिन कशाला चालू करू?"

ख्वाजाभाईंनी कप खाली ठेवला. "अंबादास, इंजिन बंद केलं की वरल्या, पंख्यांच्या डब्यातलं तेल खाली उतरतं. मग पट्टीवर जास्तच दिसणार की रे. चालू केलं की ते परत वर जातं. तू काढलंस ते जास्तीचं न्हाई, लागणारं. आता ती गाडी सपाटीला कशीबशी जाईल, चढाला जाणार न्हाई. लगेच जा, ताईंना सांग गाडी हलवू नका म्हणून."

अंबादास परत आला तेव्हा दारात एकच गाडी उभी होती, जुनी. नव्या गाडीचा नारळ कट्ट्यावर काढून ठेवलेला होता. तात्या म्हणाले, मलकापूरच्या अलीकडच्या वाडीवरून माणूस आला होता, बाई अडली आहे, मूल आडवं आहे. विमला त्याला घेऊन निघाली. पूजेचं मी म्हटलं, तर म्हणाली, आल्यावर परत करू. अर्धा तास झाला.

न सांगता बसून राहिलं तर काय होईल, हे अंबादासला स्वच्छ दिसत होतं. ताई चढावर अडकतील. माणसं जमतील. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत होईल की बाई गाडी घेऊन गेली आणि मधेच बसली. गेले चार महिने तो याच गोष्टीची वाट बघत होता. आणि त्याच चढाच्या पलीकडं एक बाई अडली होती.

त्यानं जुन्या गाडीवरचा नारळ उचलून तात्यांच्या हातात दिला, पिशवी सीटवर टाकली आणि हँडल मारलं.

बांबवडे मागं पडल्यावर लांब चढ लागतो. अर्ध्या चढावर हिरवी गाडी उभी होती, मागच्या दोन्ही चाकांना दगड. वाडीचा माणूस कपाळाला हात लावून बसलेला. ताई उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात मातीनं भरलेले. दगड त्यांनीच लावले होते.

"अंबादास, बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "इंजिन नुसतं ओरडतं. गाडी पुढं जाण्याऐवजी मागं सरकायला लागली. ब्रेकवर धरून ठेवली कशीतरी. माझं काय चुकलं?"

अंबादास म्हणाला, "आधी पेशंट बघू, ताई. बसा माझ्या गाडीत."

हे बरोबरच होतं. पण उत्तर न देण्याला ते निमित्तही झालं.

पुढचे सहा मैल त्यानं आयुष्यात कधी चालवली नसेल अशी गाडी चालवली. चढावर वेळेत गिअर खाली, वळणावर परत वर, बैलगाड्यांच्या मधून बोटभर अंतरानं, आणि इंजिनानं कुठं कुरकूर केली नाही. उतरताना ताई म्हणाल्या, "तुम्ही होता म्हणून वेळेत पोचलो." चार महिन्यांत त्याचं कुणी केलेलं हे पहिलं कौतुक. झाडाखाली गाडी लावून तो ते पुन्हा पुन्हा आठवत बसला. दोन तासांनी आतून मुलाचं रडणं ऐकू आलं. आईही वाचली.

परत येताना ताई मागं बसल्या होत्या. गुडघ्यावर वही घेऊन त्या काहीतरी लिहीत होत्या. हिरव्या गाडीपाशी आल्यावर त्यांनी जुनी गाडी थांबवायला लावली, पण उतरल्या नाहीत.

"उद्यापासून गाडी तुम्ही चालवा," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी ही जुनीच ठेवायला सांगते तात्यांना. ती हिरवी विकू. आज अडकले त्याचं कारण मला कळलेलं नाही. ज्याचं कारण कळत नाही ते हातात घेऊन मी पेशंटकडं जाणार नाही."

म्हणजे सीट परत मिळाली होती. त्यानं मागितलीही नव्हती.

"काय काय चुकलं असेल ते लिहून काढलंय," ताई म्हणाल्या. "तुम्ही जाणते आहात. ऐका. निघताना इंजिन गरम होऊ दिलं नाही."

"त्यानं असं हुत न्हाई," अंबादास म्हणाला.

"हँडब्रेक थोडा ओढलेला राहिला."

"न्हाई. मग चाकाला वास आला असता."

"चढ लागल्यावर लो टाकायला उशीर केला."

"न्हाई. तुमी कवा उशीर करत न्हाई."

"गेल्या महिन्यात तेल कमी भरलं."

अंबादासनं पिशवी उचलली आणि दोन्ही बाटल्या मागच्या सीटवर ताईंजवळ ठेवल्या.

"तेल बरोबर भरलं हुतं. मी काढलं. सकाळी, इंजिन बंद असताना बघून. तुमी जास्त वतलंय असं वाटलं. उद्या चार माणसांत दाखवायला ठेवलं हुतं."

ताईंनी बाटल्यांकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"चढावर मला विचारलंत तेव्हा का नाही सांगितलं?"

"बरं वाटत हुतं," अंबादास म्हणाला.

"त्या बाईचं मूल आडवं होतं. तुम्ही नसता आलात तर मी चालत जाणार होते. सहा मैल."

"व्हय."

तिथं का कबूल केलं असं विचारल्यावर पुढं मला तो म्हणाला होता, "एवढी मोठी अमेरिकेची गाडी मी एकट्यानं बंद पाडली, आन् त्याचं बी श्रेय वहीत त्यांच्याच नावावर. ते बी सोसलं न्हाई बघ." हे तो हसत म्हणाला, पण ते पुरतं खोटं नव्हतं.

ताईंनी त्याला गाडीत बसवलं नाही. स्वतः बसून इंजिन चालू केलं, दांडी एनवर, हँडब्रेक ओढलेला. पुढं थोडी सपाट जागा होती तिथवर आधी एक बाटली घालून गाडी हळूहळू नेली. तिथं दुसरी ओतली. अंबादास गालिचा धरून वाकला होता, आणि बघायला लागणारी प्रत्येक गोष्ट त्याला आता बघावीच लागली. इंजिन चालू असताना पट्टीवरचं तेल बरोबर खुणेला आलं.

"परत निघू," ताई म्हणाल्या. "तुम्ही मागून या."

हिरवी गाडी पुढं, काळी मागं. बांबवड्यापर्यंत अंबादासनं जोर लावून पाहिलं, पण जुन्या इंजिनाला तेवढा दम नव्हता. दर दोन मैलांवर ताई कडेला झाडाखाली थांबलेल्या दिसत. तो जवळ आला की निघत. तो तापलेलं पाणी बदलायला थांबला तेव्हा त्या परत मागं आल्या, स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि पुढं गेल्या. त्या रागावून निघून गेल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. त्या थांबत होत्या. दर थांब्याला त्याचा जीव जळत होता, आणि या वेळी चूक काढायला हाताशी काही नव्हतं.

पंचगंगेच्या पुलाअलीकडं त्या शेवटच्या थांबल्या आणि काच खाली केली.

"तात्यांना मी तेल कमी होतं एवढंच सांगेन. का कमी होतं ते तुम्ही सांगायचं. आणि गाडी शिकायची असेल तर परवा सकाळी सातला मैदानावर या. ख्वाजाभाई नाहीत, मी शिकवणार. चालणार असेल तर."

अंबादासनं तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "दिवाळीपर्यंत वेळ आहे तुला," आणि आत गेले.

घरी झुंबरबाई दाराशी वाट बघत होती. कोल्हापुरात बातमी गाडीच्या आधी पोचते. "म्हणं डाक्टरीणबाईंची गाडी चढाला बसली? गुंडू सांगत हुता. म्हणाला, बाईचं काम न्हवं ते."

"गुंडूला काय कळतंय," अंबादास म्हणाला. "गाडी माझ्यामुळं बसली."

त्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली आणि तिच्याकडं पाठ करूनच म्हणाला, "परवा मला लौकर उठीव. सातला शिकायला जायचंय."

"कुणाकडं?"

खुंटीवरची टोपी त्यानं उगाच सरळ केली.

"ताईंच्याकडं," तो म्हणाला.

"बरं," झुंबरबाई म्हणाली. "सा वाजता उठवते. आन् तिथं जाऊन त्यांनाच शिकवाय लागू नका."